अकरा रेघांचा म्हातारा

म्हातारं व्हायला माणसाला साठ-सत्तर वर्षं लागतात. पनवेलच्या बाजारपेठेत कमळाकरमास्तर तेच काम अर्ध्या तासात करून द्यायचे, आणि नाटक संपलं की खोबरेल तेलाने पुसूनही टाकायचे. हे दुसरं काम देवालाही जमलेलं नाही, असं ते स्वतःच म्हणत. स्वतःबद्दल चांगलं बोलायला मास्तरांना दुसऱ्या कुणाची गरज कधी पडली नाही.

पण खोटं का बोला, हात होताच तसा. मुंबईच्या एका नाटक कंपनीत त्यांनी सतरा वर्षं नटांची तोंडं रंगवली होती. बोलपट आले, कंपनी बसली, तेव्हा रंगांची लाकडी पेटी उचलून ते पनवेलला घरी परतले. आजूबाजूच्या गावांत जत्रेला, गणपतीत नाटकं व्हायची. त्यांची तोंडं रंगवायची, दाढ्यामिशा पुरवायच्या, हा आता त्यांचा धंदा. उरणपासून ओव्यापर्यंत कुठल्याही गावात राजा, राक्षस नाहीतर फौजदार उभा राहिला, की त्याच्या तोंडावरून मास्तरांची बोटं फिरलेली आहेत असं खुशाल समजावं.

त्यातही म्हातारा म्हणजे मास्तरांचा हुकमी एक्का. कपाळावर तीन आडव्या रेघा, दोन्ही डोळ्यांच्या कडेला तीन-तीन, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत एकेक. अकरा रेघा. काजळात तांबडी काव कालवून केलेला काळपट रंग, बारीक कुंचला, आणि केसांना वरून सफेदा. विशीतला पोरगा पाटावर बसायचा आणि सत्तरीचा होऊन उठायचा. मास्तर स्वतः मात्र उंच स्टुलावर बसत. "राजा असो की भिकारी, माझ्यापुढे खाली बसून मान वर करायची. मी कुणापुढे वाकत नाही," असा त्यांचा कंपनीपासूनचा खाक्या होता.

अशा मास्तरांचं गव्हाणात भर मांडवात हसं झालं.

साल असेल त्रेपन्न-चोपन्न. गव्हाण हे खाडीकाठचं गाव, अर्धं भातावर आणि अर्धं मिठागरावर जगणारं. चैत्रातल्या जत्रेला तिथे दरवर्षी नाटक व्हायचं. त्या वर्षी गावाने ठरवलं, राजे-महाराजे पुष्कळ झाले, या खेपेला आपल्याच माणसाचं नाटक करू. तो माणूस म्हणजे बळीबाबा.

अठ्ठावीस वर्षांमागे श्रावणातल्या उधाणाला खाडीचा बांध फुटला होता. खारं पाणी शेतात घुसायला लागलं. लोकांनी पोती टाकली, दगड टाकले, सगळं वाहून गेलं. तेव्हा साठीच्या बळीबाबाने घरी येऊन स्वतःच्या घराचं दार उखडलं, पाठीवर घातलं, आणि बांध फुटला होता तिथे पाण्यात उतरून ते दार आडवं लावून छातीने दाबून धरलं. तो हटला नाही तोवर बाकीच्यांनी मागून माती भरली. गावाचं भात वाचलं. दार मात्र बांधाच्या पोटात राहिलं ते राहिलंच. बळीबाबाला जाऊन आता तेरा वर्षं झाली होती, आणि जन्मात त्याचा एकही फोटो कुणी काढलेला नव्हता.

नाटक लिहिलं गावातल्या जगन पाटलाने, आणि बळीबाबाचं काम दिलं त्याच्या नातवाला, शिवाला. शिवा एकवीस वर्षांचा, मिठागरात राबणारा, उंचापुरा आणि मुखदुर्बळ पोरगा. बाप लहानपणीच गेलेला, आई भामाने वाढवलेला. आजा गेला तेव्हा हा आठ वर्षांचा होता. आज्याचा खोकला तेवढा त्याला नीट आठवायचा.

जत्रेच्या आठ दिवस आधी रंगीत तालीम होती. मास्तर पनवेलच्या बंदरातून भरती धरून होडीने गव्हाणला उतरले. स्टूल मांडलं, शिवाला पाटावर बसवलं आणि अर्ध्या तासात अकराच्या अकरा रेघा ओढल्या. शिवाने आरशात पाहिलं आणि तो हरखला. मास्तरांनी कुंचला पुसला आणि बाहेर जाऊन बाकावर ऐसपैस बसले, तारीफ ऐकायला.

शिवा मंचावर आला आणि आधी एक बाई फिसकन हसली. मग तिची शेजारीण. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो तं कचेरीतला कारकून हाय!" आणि सगळा मांडव खदखदायला लागला. शिवा बिचारा दाराचं भाषण म्हणत होता. तो दार उचलायला वाकला तसा दुसरा एक जण म्हणाला, "दार नका उचलू, भाऊसाहेब, पाठीत उसन भरंल!" बायकांनी तोंडाला पदर लावले. शिवाचं पुढचं भाषण कुणालाच ऐकू गेलं नाही. मास्तर बाकावरच होते, पण आता ऐसपैस नव्हते.

तालीम कशीबशी उरकली. मागच्या बाजूला जगन पाटील डोकं खाजवत आला.

"मास्तर, राग नका मानू," तो म्हणाला, "पन जत्रेला पंचक्रोशीतली मानसं येतील. त्यापरीस आमी बळीबाबाला पडद्यामागंच ठेवतो. नुसता आवाज यील."

"लोकांना नाटकातलं कळत नाही त्याला मी काय करू?" मास्तर तडकून म्हणाले. "मुंबईत याच म्हाताऱ्याला टाळ्या पडल्यात."

शिवा फडक्याने तोंड पुसत होता. तो पोर कधी जास्त बोलायचा नाही, पण त्या दिवशी बोलला.

"मला हसले असते तं चाललं असतं, मास्तर. लानपनापासून हसतात. पन ते आज्याला हसले. तेरा वर्सांनी तो गावात आला, नि गाव त्याला हसला."

मास्तरांच्या जिभेवर तयार उत्तर होतं. ते त्यांनी गिळलं. आयुष्यात त्यांनी गिळलेलं हे बहुधा पहिलंच उत्तर असावं. "जत्रेपर्यंत मला वेळ द्या," ते जगनला म्हणाले. "त्या दिवशी कुणी हसलं, तर बळीबाबाला तिथल्या तिथे पडद्यामागे न्या, आणि मीही पुन्हा गव्हाणला तोंड दाखवणार नाही."

एवढं बोलून ताडताड निघून जायचं होतं, पण खाडीला ओहोटी लागलेली. होडी चिखलात कलंडली होती. दुसऱ्या दिवशीच्या भरतीपर्यंत मास्तरांना गव्हाणातच मुक्काम पडला. अपमान झाला त्याच गावात जेवायचं आणि झोपायचं, यासारखी शिक्षा नाही. पण ती ओहोटी नसती, तर मास्तर मरेपर्यंत अकराच रेघा ओढत राहिले असते.

सकाळी शिवा त्यांना मिठागरावर घेऊन गेला. चैत्राचं ऊन, वाफ्यांत पांढरं मीठ, आणि खालूनवरून डोळ्यांत घुसणारा उजेड. मास्तरांनी कपाळावर हात धरला. मिठाचे ढीग लागत होते आणि डोक्यावर पाट्या घेऊन बायाबापड्या ये-जा करत होत्या. त्यात गुणाबाई होती. पंच्याहत्तरी उलटलेली, तरी घरात बसायला तयार नाही. बळीबाबाच्या बरोबरीने तिने याच मिठागरात उमेदीची वर्षं घालवली होती, आणि गावात तिची जीभ सगळ्यांना ठाऊक होती.

"आजीबाई," मास्तर म्हणाले, "काल तुम्हीही हसलात. का ते सांगा."

"सांगू का? रडशील," गुणाबाईने पाटी खाली ठेवली. "आरं, तुज्या म्हाताऱ्याच्या रेगा काळ्या. आमच्यात कुनाच्या हायत रं काळ्या रेगा? मिटागरातला मानूस कदी बगितलास तरी का?"

"रेघा म्हणजे सावली, आजी. सावली काळीच असते."

"व्हय? मंग बग," म्हणून गुणाबाईने उन्हाकडे तोंड केलं. डोळे बारीक झाले, सगळा चेहरा चुण्यांनी आवळला. मग ती वळून झोपडीच्या सावलीत आली आणि तिने चेहरा सैल सोडला.

मास्तर बघतच राहिले. चुण्या उघडल्या आणि त्यांच्या आतून उजळ कातडी दिसायला लागली. करपून काळ्या झालेल्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या कडेपासून कानापर्यंत बारीक, फिक्या, पांढुरक्या रेघा. जन्मभर डोळे मिचकावून काम केलेलं, त्या घड्यांच्या आत कधी ऊन शिरलंच नव्हतं. पंच्याहत्तर वर्षांच्या त्या बाईच्या सुरकुत्यांत तिचा लहानपणचा रंग जपून ठेवलेला होता.

"आजी," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "जरा तशाच उभ्या राहा."

"का, मला बी नाटकात घेतोस?" ती म्हणाली, पण उभी राहिली.

इतकी वर्षं आपण एकच म्हातारपण रंगवत आलो, हे मास्तरांना तिथे कळलं. सावलीत बसून आलेलं म्हातारपण. हे उन्हात राबून आलेलं होतं, आणि त्याची रीतच उलटी होती. त्या सकाळी मास्तर मिठागरात चेहऱ्यामागून चेहरा बघत हिंडले. कुणाची हनुवटी धरून सावलीत वळवायचे, कुणाला हसायला लावायचे, मध्येच "वा!" म्हणायचे. लोकांना वाटलं, कालच्या फजितीने मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला. मास्तरांना मात्र आयुष्यात इतके देखणे चेहरे एका ठिकाणी पाहिल्याचं आठवत नव्हतं, आणि कंपनीत त्यांनी भल्याभल्या देखण्या नटांना रंग लावला होता.

"पण बळीबाबा नेमका दिसायचा कसा?" त्यांनी शेवटी विचारलं.

"म्हाताऱ्यावानी," गुणाबाई म्हणाली. "घरात इचार की. भामानं पंदरा वर्सं हाताखाली काडलीत त्याच्या."

शिवाची आई भामा ओटीवर तांदूळ निवडत होती. मास्तर शिवाबरोबर अंगणात येताच तिने पदर सावरला. मास्तरांनी विचारलं, "वहिनी, तुमचे सासरे तोंडावरून कसे होते? नाक, डोळे, भुवया, काही सांगता येईल?"

भामाने चक्क जीभ चावली. "सासऱ्याचं तोंड कोन बगतं, मास्तर?"

"पंधरा वर्षांत एकदाही नाही पाहिलंत?"

"बाबा समोर आलं की पदर फुडं नि मान खाली. बोललं तरी खाली बगून बोलायचं. मी पाय बगितलेत त्यांचे." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "पाय म्हनाल तं सगळं सांगन."

मास्तर कपाळाला हात लावणार होते, पण तेवढ्यात ती बोलायला लागली आणि त्यांचा हात वाटेतच राहिला.

"बांद फुटला तवा माजं लगीन होऊन मैना झाला व्हता. बाबांनी दार नेलं. नवं दार करायला लाकूड कुटनं आनायचं? तीन मैने आमच्या घराला दार नवतं. मी नवी नवरी, चवदा-पंदरा वर्सांची. भ्यायची. मंग बाबा रोज संद्याकाळी जेवून उंबऱ्यात आडवं बसायचं. पाठ चौकटीच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. म्हनायचं, 'पोरी, नीज आता, दार लावलंय.' तीन मैने तसं बसून झोपलं. मी आतून बगायची. दिव्याच्या उजेडात त्यांचं पाय दिसायचं. ते पाय दिसलं की मला झोप लागायची."

मग तिने पाय सांगितले. टाचांच्या भेगा बोट शिरेल एवढ्या. मिठाने खाऊन कडा पांढऱ्या पडलेल्या. डाव्या अंगठ्याला नख नाही, दार बांधात रोवताना गेलं ते परत आलं नाही. करंगळ्या बाहेर वळलेल्या. राग आला की उजवा अंगठा जमिनीवर घासायचे. आणि मनासारखं झालं, पोटभर जेवण झालं, पाऊस वेळेवर आला, की डाव्या पायाचा तळवा उजव्या पावलावर घासायचे, सावकाश.

"घरात काय चाललंय ते मी तेवड्यावरनं वळकायची," भामा म्हणाली आणि पुन्हा तांदळात बघायला लागली. आज्याचं हे शिवालाही नवं होतं. कंपनीत नटाचा मान गळ्यापर्यंत, त्याच्या खाली अंगरखा. पाय रंगवा असं सतरा वर्षांत मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तर ते हसले असते.

पुढचा आठवडा पनवेलचं दुकान बंद. मास्तर ओसरीवर बसून स्वतःच्या पायावर म्हातारपण आणत होते. रंगाने भेगा काढल्या, त्या चित्रासारख्या दिसल्या. पुसल्या. डिंक लावला, तो सोलून निघाला. शेवटी त्यांनी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, टाच ताणून धरून दोन हात दिले, ते वाळवले आणि मग पाय वाकवला. खळ तडकली. त्या तडकलेल्या फटींत काव आणि दिव्याची काजळी बोटाने चोळली, कडांना बारीक मीठ दाबलं, आणि मास्तरांच्या पायाला चांगली वीस वर्षं चढली. ते उठून घरभर हिंडून आले.

"एकाच पायाने म्हातारे झालात," त्यांची बायको वेणू म्हणाली. "दुसऱ्याचंही वय होईलच हो, धीर धरा. आणि पीठ संपवू नका, संध्याकाळी पोळ्या करायच्यात."

जत्रेच्या दिवशी मास्तर दुपारीच गव्हाणला पोचले. जगन पाटलाने स्टूल आणून ठेवलं होतं. मास्तरांनी ते बाजूला सारलं, शिवाला त्याच स्टुलावर बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर मांडी घालून शिवाचा पाय आपल्या मांडीवर घेतला.

"मास्तर, ह्ये काय!" शिवा कानकोंडा होऊन पाय मागे घ्यायला लागला.

"हलू नकोस," मास्तर म्हणाले. "आधी आज्याचे पाय येऊ देत. तोंड मागाहून येईल."

एका पायाला दीड तास लागला. खळ, वारा, पुन्हा खळ. पाय वाकवून तडे. काव, काजळी, मीठ. डाव्या अंगठ्याच्या नखावर त्यांनी मेणाची पातळ चकती बसवून तिला कातडीचा रंग दिला, नख गेलं. करंगळ्या धाग्याने बाहेर ओढून धाग्यावर खळ फिरवली. भोवती माणसं जमली होती. एरवी अशा वेळी मास्तरांची टकळी सुरू असायची, कंपनीतल्या गोष्टी, स्वतःच्या बढाया. त्या दिवशी त्यातलं काहीच नव्हतं. कपाळावरचा घाम शिवाच्या पावलावर पडू नये म्हणून मधूनमधून मान वळवून बाहीला पुसायचे, एवढंच.

मग चेहरा. आधी काव लावून तो उन्हात करपल्यासारखा केला, मग शिवाला डोळे बारीक करायला लावून घड्या कुठे पडतात ते पाहिलं, आणि त्या घड्यांत सफेद्यात पिवळी पिवडी कालवून केसासारख्या फिक्या रेघा सोडल्या. त्या किती झाल्या ते मास्तरांनी मोजलं नाही. मान, हात, बोटांची पेरं, सगळ्यांना वय दिलं. आरसा पुढे केला तर शिवा आरशात बघेना. तो खाली आपल्या पायांकडे बघत होता.

"एक सांगतो," मास्तरांनी जगनला बाजूला घेतलं. "पडदा उघडल्यावर लगेच भाषण नको. आधी याला उंबऱ्यात आडवा बसवा. बिनदाराच्या."

"पन दार तं फुडच्या परवेशात न्यायचंय! नि भाषन कापायचं म्हनताय का?" जगनने वही छातीशी धरली. दोन पानांचं भाषण होतं, आणि त्याने स्वतः लिहिलेलं.

"कापू नका हो. शेवट आधी दाखवा, दार कसं गेलं ते मागाहून सांगा. आणि भाषण थोडं थांबवा. लोकांना आधी त्याला बघू दे."

दिवेलागणीला मांडव भरला. मंच म्हणजे पडाव-होडीच्या फळ्या, कमरेइतक्या उंच पिंपांवर टाकलेल्या. पुढे चटयांवर बायका, मागे पुरुष, कडेला म्हातारी मंडळी. भामा पहिल्याच चटईवर होती, शकू आणि गोदू या दोन्ही जावा तिच्या शेजारी. खाली बसलेल्या बायकांच्या डोळ्यांना मंचाच्या फळ्याच आधी दिसत होत्या. पेट्रोमॅक्स फुरफुरत होता. मास्तर पडद्याच्या कडेला उभे होते आणि आधी कोण हसतंय म्हणून एकेक चेहरा न्याहाळत होते. कंपनीत पहिल्या प्रयोगालाही त्यांची अशी अवस्था झाली नव्हती.

पडदा सरकला. नुसती चौकट, दार नाही. तिच्या उंबऱ्यात एक म्हातारा आडवा बसलेला, पाठ एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला, पावलं थेट बायकांच्या डोळ्यांपुढे.

मागे एक पोरगं हसायला म्हणून हसलं. त्याला कुणी साथ दिली नाही.

शिवाने एकदा घराच्या आत पाहिलं, एकदा बाहेर अंधाराकडे पाहिलं. मग डावा पाय उचलून त्याचा तळवा उजव्या पावलावर घासला, सावकाश.

मास्तरांची नजर भामावर होती. तिने शिवाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिची नजर त्या पायांवर पडली, आणि तिचा हात आपोआप वर गेला. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत खाली आला, मान झुकली, आणि अंग चोरून ती चटईवर एका बाजूला सरकली, सासऱ्याला जायला वाट देत. तिच्या मागोमाग शकूचा पदर वर गेला. मग गोदूचा. मग त्या चटईवर बळीबाबाच्या हयातीत गावात नांदायला आलेल्या जेवढ्या सुना होत्या, तेवढ्या सगळ्यांनी पदर पुढे ओढले आणि माना खाली घातल्या. त्यांना कुणी खूण केली नव्हती. सवयच ती, तेरा वर्षं पडून राहिलेली.

कडेला म्हाताऱ्यांत एकाने डोक्यावरची टोपी काढली. आणि गुणाबाई तिथूनच मोठ्याने म्हणाली, "बळ्या, मेल्या, इतकं दिस व्हतास कुटं रं?"

तरीही कुणी हसलं नाही. शिवाने उजवा अंगठा फळीवर जोरात घासला आणि मगच त्याला आवाज फुटला. "पोरी, नीज आता," तो आत बघून म्हणाला, "दार लावलंय." हे वाक्य जगन पाटलाच्या वहीत नव्हतं. पडद्याच्या कडेला मास्तरांनी डोळे पुसले, आणि कुणी बघतंय का याची पर्वा केली नाही. आपण रंग लावला होता एवढंच, माणूस या लोकांनी आणला, असं त्यांना वाटलं, आणि मास्तरांना असं वाटणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

पुढे दार उचललं, बांध फुटला, बांध बुजला, जगनचं दोन पानी भाषणही झालं. लोकांनी ते शब्दन् शब्द ऐकलं.

नाटक संपल्यावर शिवा मागे येऊन स्टुलावर बसला. मास्तरांनी नेहमीसारखं खोबरेल हातावर घेतलं आणि त्याचं तोंड पुसलं. फिक्या रेघा गेल्या, काव गेली, आणि आतून एकवीस वर्षांचा पोरगा दमून, घामाघूम होऊन, हसत बाहेर आला. पायांची खळ मात्र तेलाने निघणारी नव्हती. तिला गरम पाणी लागणार होतं, ते चुलीवर तापत होतं.

तेवढ्यात भामा आली. लेकाला छातीशी धरायला धावत आली ती चार हातांवर थांबली. तिने शिवाच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे पाहिलं. पदर अजून कपाळावरच होता. शिवाने "आये" म्हणून हात पुढे केला, पण तिचं पाऊल काही पुढे पडेना.

"मास्तर," ती खाली बघूनच म्हणाली, "आदी पाय धुवा त्याचं. पोराला जवळ घ्यायचंय मला, नि मधे बाबा बसलेत."

मास्तर पाण्याचं भांडं घेऊन पुन्हा जमिनीवर बसले. धुण्याआधी त्यांनी दोन्ही हात त्या पायांवर टेकले आणि कपाळ हातांना लावलं. मग हळूहळू पाणी ओतायला सुरुवात केली.